पुण्यातली मेहमान

लातूर-नांदेडला जाऊन आलेल्या माणसाला पुण्यात दोनच गोष्टी विचारतात. लातूरचे क्लासेस पाहिले का आणि नांदेडचा गुरुद्वारा पाहिला का. मी दोन्ही पाहिलं, पण चालत्या गाडीतून. मी गेले होते एका रफूगाराला समोर बसून सांगायला, की तुमच्या बायकोच्या ज्या पेशी मी पुण्यात सांभाळते आहे असं तुम्ही समजता, त्या माझ्याकडे नाहीत आणि कित्येक वर्षांपासून नाहीत. हे फोनवरही सांगता आलं असतं. तीन महिने रोज फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. शेवटी स्वतःचीच लाज वाटून तिकीट काढलं.

थोडं मागचं सांगायला हवं. मी एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. शाळेत अभिस्तर ऊतींचा धडा सगळ्यांनाच असतो. गालाच्या आत, जिभेवर, कातडीवर पेशींचं जे अस्तर असतं, ते. त्या अस्तराचा तुकडा प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, गुलाबी पोषकद्रवात, अंगाइतक्या उबेत ठेवला, तर काही वेळा त्यातल्या पेशी बाटलीच्या तळाला चिकटतात आणि वाढू लागतात. बहुतेक वेळा मरतात. आजारी अस्तराच्या पेशी जास्त चिवट असतात, त्या जगल्या तर वर्षानुवर्षं जगतात.

खैरुन्निसाबी नांदेडच्या एका रुग्णालयात होत्या, गालाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनसाठी. आदल्या दिवशी, नमुने गोळा करायला पुण्याहून गेलेली मी त्यांच्या खाटेपाशी संमतीचा कागद घेऊन गेले आणि गाठीतला नखाएवढा तुकडा आम्हाला द्याल का, असं विचारलं. त्यांचं तोंड नीट उघडत नव्हतं. त्यांनी उर्दूत सही केली आणि एक अट घातली: त्या तुकड्याचं पुढं काय झालं ते घरी कळवायचं. मी हो म्हणाले. वर्षभरात त्या गेल्या, पण पेशी जगल्या होत्या. मी त्यांच्या नवऱ्याला, युसूफभाईंना, फोन करून तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या खातात काय. मी म्हणाले, गुलाबी पाणी, एक दिवसाआड बदलतो. या आजाराच्या पेशी आहेत, हेही सांगितलं.

"आजार असला तरी तिचाच ना," ते म्हणाले.

तेव्हापासून दर ईदला त्यांचा फोन यायचा आणि प्रश्न ठरलेला असायचा: आमची मेहमान कशी हाय? मी म्हणायचे, मजेत आहे. सूक्ष्मदर्शकातून काढलेले दोन फोटोही मी त्यांना पाठवले होते, एक पहिल्या वर्षी आणि एक दुसऱ्या.

आमच्या कामात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. निर्जंतुक कपाटात एका वेळी एकाच माणसाच्या पेशी घ्यायच्या, आणि प्रत्येकाच्या पोषकद्रवाची बाटली वेगळी ठेवायची. एका बुधवारी मी तो मोडला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज जायची होती आणि मला सगळं उरकायचं होतं. खैरुन्निसाबींची बाटली आणि एक जुनी, भराभर वाढणाऱ्या पेशींची बाटली मी शेजारीशेजारी ठेवली आणि दोन्हींत एकाच बाटलीतलं गुलाबी पाणी घातलं. अशा वेळी एक थेंब इकडचा तिकडे गेला तरी पुरतो. जोमदार पेशी हळू वाढणाऱ्या पेशींना काही आठवड्यांत संपवतात आणि बाटलीवरचं नाव तेच राहतं.

महिन्याभराने खैरुन्निसाबींच्या पेशी अचानक जोमाने वाढायला लागल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. पेशींचा आकार बदललेला मला दिसत होता, शंका तेव्हाच आली होती, आणि ती मी गिळून टाकली. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, की वाढताना असं होतं. गोठवणीच्या टाकीत जागा हवी म्हणून आधीच्या, हळू वाढणाऱ्या पेशींच्या नळ्या मीच काढून फेकल्या. त्या कामावर माझे शोधनिबंध छापून आले, नोकरी कायम झाली. मग गेल्या वर्षी एका नियतकालिकाने पेशींच्या ओळखीची चाचणी मागितली. अहवालात साधी एक ओळ होती: पेशी पुरुषाच्या आहेत.

सरांना सांगितलं. निबंध मागे घेण्याचं पत्र गेलं. पुण्यात जे भोगायचं ते भोगून झालं. नांदेड राहिलं होतं.

लातूर

सरळ नांदेडला जायचं धैर्य नव्हतं म्हणून मी मध्ये लातूरचं एक व्याख्यान घेतलं होतं. तिथल्या एका महाविद्यालयातले प्राध्यापक बऱ्याच दिवसांपासून बोलावत होते. डिसेंबर होता. स्टेशनबाहेर पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींचे लोंढे एकाच दिशेने चालले होते, आणि भिंत दिसेल तिथे गुण मिळवलेल्या मुलांचे हसरे चेहरे लावलेले होते. आमच्याकडे एवढे मोठे फोटो फक्त वाढदिवसाच्या पुढाऱ्यांचे लागतात.

दुपारी प्राध्यापकांनी मला निलंगा राईस खायला एका गाड्यावर नेलं. आपला मसालेभात शहाण्या मुलासारखा असतो. हा चांगला तिखट आणि तेलकट, वर कच्चा कांदा आणि लिंबू. मी दोन प्लेट खाल्ल्या. अपराधी माणसाला भूक लागत नाही म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी खोटं ठरलं.

व्याख्यानाआधी मुलांचं प्रात्यक्षिक होतं. गालाच्या आत दातकोरणीची बोथट बाजू फिरवायची, काचपट्टीवर पुसायची, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकात बघायचं. शंभर वेळा पाहिलेलं दृश्य, तरी मी प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकात डोकावले. फिकट निळ्या, चपट्या, मधोमध एक गडद ठिपका असलेल्या पेशी. आपल्याच गालात हे असतं हे कळल्यावर मुलं जीभ गालात फिरवून बघतात, तशी इथलीही बघत होती.

मग मी पेशी वाढवण्याबद्दल तासभर बोलले. चांगलं बोलले, मला बोलता येतं. शेवटी किनवटकडची एक मुलगी उभी राहिली. निवासी शाळेत राहून इथवर आलेली, असं प्राध्यापकांनी नंतर सांगितलं. तिने विचारलं, "मॅडम, बाटलीवर नाव लिहिलंय म्हणून आतल्या पेशी बी त्याच, हे कसं कळतंय?"

एवढ्या मोठ्या सभागृहात नेमका तोच प्रश्न आला. मी म्हणाले, प्रश्न फार छान आहे, आणि त्यासाठी चाचण्या असतात. मग घड्याळ पाहिलं आणि प्रश्नासाठी वर झालेल्या पुढच्या हाताकडे वळले. ती मुलगी काही क्षण उभीच होती, उत्तर संपलं की नाही हे तिला कळत नव्हतं. मग बसली. तिला खरं सांगितलं असतं तर त्या तासातलं तेवढंच तिच्या कामाचं होतं.

चाकूर

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या एसटीत बसले. येतेय एवढंच युसूफभाईंना कळवलं होतं, कशासाठी ते नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, पिवळ्या फुलांनी भरलेल्या, मध्ये ज्वारीची हिरवी रानं. माती काळीभोर. आमच्या बाजूला डोंगर सतत नजर अडवतात. इथे काही अडवतच नाही, आणि त्या दिवशी मला काहीतरी आडवं आलेलं हवं होतं.

चाकूरच्या स्थानकात गाडी थांबली, तशी मी बॅग घेऊन उतरले. चहा प्यायला, असं स्वतःला सांगितलं. चहासाठी बॅग कशाला घ्यावी लागते, हे मी स्वतःला विचारलं नाही. गाडी सुटली, मी बघत राहिले, आणि समोर लातूरला परत जाणारी गाडी लागलेली दिसली. मग युसूफभाईंना फोन केला आणि म्हणाले की गाडी बिघडली, चाकूरला अडकले आहे, आज जमेलसं वाटत नाही.

वाटलं होतं, ते म्हणतील, बरं, मग कधी. ते म्हणाले, "चाकूरला? तिथं आमची साली हाय, रझिया. हलू नका."

पंधरा मिनिटांत रझियाबींचे यजमान मोटारसायकलवर हजर. मी नको नको म्हणत मागे बसले. घर गावाच्या कडेला, मागे लगेच रान सुरू. रझियाबी म्हणजे खैरुन्निसाबींची धाकटी बहीण. दोघींचं माहेर बिलोलीचं. त्यांनी ज्वारीची कोवळी कणसं भाजून, चोळून हुरडा काढला, त्यासोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे हुरडा खायला लोक आरक्षण करून जातात. मी खोटं बोलल्याबद्दल मला तो घरात बसून मिळत होता.

गाडीला काय झालं, हे यजमानांनी बारकाईने विचारलं. मी पंक्चर म्हणाले. मघाशी बिघाड म्हणाले होते. त्यांच्या लक्षात आलं असणार, पण पाहुण्याला त्यांनी उघडं पाडलं नाही.

रझियाबी जवळ येऊन बसल्या. मोठी बहीण पुण्याला राहायला गेली आहे अशाच थाटात त्या चौकशी करत होत्या. तिथं थंडी फार असते का, दिवे रात्रभर चालू ठेवता का. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"ह्याच हातांनी तिला पाणी देता?" त्यांनी विचारलं. "तिला तिथं दुखत न्हाई ना?"

मी म्हणाले, नाही, दुखत नाही. हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि सोडवता येत नव्हता. तो हात त्या बुधवारी एकाच बाटलीतून दोन्हीकडे ओतत होता, हे मला माहीत होतं. इतकी शरम मला अहवाल वाचतानाही वाटली नव्हती. अहवाल म्हणजे शेवटी कागद.

लातूरची गाडी केव्हाच गेली होती. यजमानांनी मला नांदेडच्या गाडीत खिडकीशेजारी बसवून दिलं आणि वाहकाला दोनदा बजावलं, मॅडमना नांदेडलाच उतरवा. मला वाटतं, पंक्चरचं त्यांना पुरतं कळलं होतं.

नांदेड

युसूफभाईंचं दुकान जुन्या नांदेडात आहे. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढंच, भिंतीला रंगांच्या क्रमाने लावलेली रिळं, आणि दारातून येणारा उजेड थेट हातावर पडेल अशी बैठक. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका कोटाच्या बाहीला जळाल्याचं भोक पडलं होतं, ते भरणं चाललं होतं. मी बघत उभी राहिले. ते बाजारातला धागा वापरत नाहीत. कोटाच्याच आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढतात आणि त्याने भोक विणून काढतात. दुसरा धागा कितीही जुळता आणला तरी धुतल्यावर उघडा पडतो, असं त्यांनी सांगितलं. रिळं मग कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला दुकान भरल्यासारखं वाटतं.

रिळांच्या वर चौकटीत तो फोटो होता. मी पाठवलेला दुसरा. पेशींनी गच्च भरलेला. तारीख कोपऱ्यात होती, त्या बुधवारनंतर पाच महिन्यांची.

मी तिथेच बोलायला सुरुवात केली, पण त्यांनी हातानेच थांबवलं. आधी जेवण. आमच्याकडे दारात आलेल्याला जेवून आलात ना, असं विचारतात आणि उत्तराची दिशाही दाखवतात. इथे विचारतच नाहीत, ताट येतं. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. त्यांची मुलगी शबाना शाळेत शिक्षिका आहे, तिने अर्धी रजा टाकली होती. पिवळी खिचडी, चिंच-तिळाचा पातळ आंबट खट्टा, पापड. मी जेवत होते आणि शबाना शेजारणीला सांगत होती, अम्मीवाल्या मॅडम आल्या. खट्टा फार सुरेख झाला होता. दुसऱ्यांदा वाढताना मी ताटावर हात धरला, कारण यापुढचा एकही घास मी कमावलेला नव्हता. तिने हात बाजूला करून वाढलं.

ताटं उचलल्यावर मी सांगितलं. एका दमात, काही न वगळता: बुधवार, एक बाटली, पेढा, फेकलेल्या नळ्या, पुरुषाच्या पेशी. मला शंका आली होती, हेही सांगितलं. ते सांगायचं की नाही, हे मी पुण्यापासून ठरवत आले होते.

शबाना उभीच राहिली. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा दर ईदला नवे कपडे घालून तुम्हाला फोन करतात. तुम्हाला मालूम हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणाले. ती आत निघून गेली आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला, गरजेपेक्षा जोरात.

युसूफभाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मी त्यांच्या रागाची तयारी करून गेले होते. रडण्याचीही. त्यांनी मला दुकानात यायला सांगितलं. तिथे चौकट उतरवली, सुयांचा पत्र्याचा डबा उघडला आणि तळातून पहिला फोटो काढला. तो ते तिथे का ठेवत होते कोण जाणे. दोन्ही फोटो त्यांनी उजेडात, कोटाच्या बाहीवर शेजारीशेजारी मांडले. पहिल्यात थोड्याच पेशी होत्या, शहाबादी फरशीसारख्या कडेला कड लावून बसलेल्या. दुसऱ्यात लांबट, एकमेकींवर चढलेली नुसती गर्दी.

"मॅडम, मला तवाच दिसलं होतं," ते म्हणाले. "वीण निराळी हाय. ह्या धाग्यानं हे कापड व्हायचं न्हाई. मी फोन करून तुम्हाला विचारलं बी होतं."

आणि मला तो फोन आठवला. ईद नसताना आलेला एकच फोन. मी घाईत होते. हा फोटो तिचाच ना, असं त्यांनी विचारलं होतं आणि मी म्हणाले होते, वाढताना असं होतं.

"तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले. "मी म्हणलं, आपली नजर चुकली असंल. पन्नास साल हेच काम करून राहिलो, नजर कधी चुकली न्हाई. तरी तुमचं ऐकलं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं, त्यापलीकडे काही नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मला तसं ऐकायची हाव होती हेही तिथेच लक्षात आलं. त्या वेळी मी त्यांचं ऐकलं असतं, तर पहिल्या नळ्या वाचल्या असत्या, त्या तेव्हा टाकीतच होत्या. त्या मी नंतर फेकल्या.

त्यांनी चौकटीची मागची खिळी काढली, दुसरा फोटो बाहेर घेतला, पहिला आत बसवला. तो आकाराने लहान होता, म्हणून चारही बाजूंनी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. चौकट पुन्हा रिळांच्या वर टांगली. मग दुसरा फोटो माझ्यापुढे धरला.

"हा कोण हाय मग?"

मी म्हणाले, माहीत नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या जुन्या पेशी आहेत. नाव नाही, फक्त क्रमांक आहे.

"क्रमांकाला घरदार नसतंय," ते म्हणाले. "माणूस हाय. त्याच्या घरच्यांना बी कुणीतरी कळवतो म्हणलं असंल. हा त्यांना द्या."

मी तो फोटो बॅगेत ठेवला. शबाना बाहेर आली ती डबा घेऊन. प्रवासाला खिचडी. माझ्याकडे न बघता तिने तो माझ्या हातात दिला. स्टेशनला जाताना रिक्षातून गुरुद्वाऱ्याचा घुमट दिसला, तेवढंच माझं नांदेड.

पुणे

परत आल्यावर मी सगळ्यांना खट्ट्याची कृती सांगितली. रझियाबींना अजून कुणी खरं सांगितलेलं नसावं. ते काम माझंच आहे आणि चाकूर आता मला लांब वाटत नाही, तरी गेलेले नाही. फोटो माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मग ईद आली. सकाळपासून मी फोन जवळ घेऊन बसले होते, येणार नाही अशी खात्री होती. नेहमीच्या वेळेला आला. नवे कपडे घातले असतील का, असं मनात आलं आणि विचारायची हिंमत झाली नाही. मी ईद मुबारक म्हणाले. त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, शबानाची बदली बिलोलीला होतेय असं सांगितलं, हातातल्या एका जुन्या शालीच्या कामाबद्दल बोलले. मेहमानचं नाव निघालं नाही. ते कधी विचारतील म्हणून मी दर वर्षी मनातून धास्तावलेली असायचे, आणि यंदा त्या प्रश्नाची वाट बघत होते.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या घरच्यांचा काही पत्ता लागला का?"

जिभेवर तयार उत्तर होतं, की चौकशी चालू आहे. ते मी दिलं नाही. म्हणाले, "युसूफभाई, मी अजून शोधायला सुरुवातच केली नाही."



"मग करा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.